पन्नास किलो विरुद्ध ३४६ सीसी

सेल्फ स्टार्टच्या जमान्यात किक मारायला कोण शिकतं? मी शिकले. तेही पिंपळगाव रेणुकाईत, मामाच्या अंगणात, चार दिवसांच्या डेडलाइनवर!

आज ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये जाल ना, तेव्हा एक काम करा. आपल्या बाइकच्या उजव्या बाजूला जरा वाकून बघा. किक आहे? असली तर शेवटची कधी मारली होती, आठवतंय? बॅटरी उतरली होती त्या दिवशी, बरोबर? आणि नसली तर ती कधी गेली, हे तरी लक्षात आलं होतं का?

स्प्लेंडरला ती अजून आहे. पण २०१८ मध्ये जावा पुन्हा बाजारात आली, ती किकशिवाय. सप्टेंबर २०२३ मध्ये नवी बुलेट ३५० आली, तीही फक्त बटणावर चालू होणारी. बुलेट आणि किक नाही! आमच्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मंग तिला बुलेट काहून म्हणतेत?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण त्याआधीचा एक प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. शंभर सीसीची गाडी शाळकरी पोरगा हातानेसुद्धा चालू करतो, आणि साडेतीनशे सीसीच्या गाडीपुढे चांगला बॉडीबिल्डर घामाघूम होतो. असं का? सीसी साडेतीन पट म्हणजे ताकदही साडेतीन पट लागते, इतकं सोपं गणित आहे का?

नाहीये. आणि ते मला पुस्तकात नाही, मिरचीच्या ठसक्यात कळलं.

मामा, मिरची आणि एक गिऱ्हाईक

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे. पुण्या-मुंबईत हे नाव कुणी ऐकलेलं नसतं, पण हिरव्या मिरचीच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. सीझनमध्ये इथल्या बाजारात मिरचीच्या पोत्यांची थप्पी लागते आणि इथून ट्रक भरून दूरदूरच्या शहरांत जातात. मी फ्रीलान्सर. मासकॉमची डिग्री, एक लॅपटॉप आणि महिन्याला तीन-चार स्टोऱ्या, असा आपला संसार. गेल्या जूनमध्ये मिरची बाजारावर लिहायचं म्हणून गेले. उतरायला मामाचं घर होतंच.

मामाकडे १९८६ ची बुलेट आहे. म्हणजे होती. काळी, टाकीवर सोनेरी रेघा, गिअर आणि किक दोन्ही उजवीकडे. माझ्या लहानपणी या गाडीवर मागे मिरचीची दोन पोती आणि पुढे टाकीवर मी, असं आम्ही बाजारात जायचो. गाडी यायच्या आधी आवाज यायचा, आणि मामी चहाचं आधण ठेवायची.

या वेळी गाडी गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली होती. मामाचा उजवा गुडघा बदललाय. डॉक्टरांनी सांगितलंय, चाला, फिरा, पण मांडी घालायची नाही आणि किक मारायची नाही. मामा मांडी घालत नाही. गावात कुणी विचारलं की सांगतो, "पाट्यावर बसतो आता, सायबासारखा." किकबद्दल मात्र काही बोलत नाही. मामेभाऊ चाकणला कंपनीत. त्याच्याकडे बटणाची बाइक आहे. जुन्या गाडीच्या नादी लागायला त्याला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला ती चालूही करता येत नाही.

म्हणून गाडी विकायची ठरली होती. पुण्याचं एक गिऱ्हाईक रविवारी बघायला येणार होतं. मी पोचले बुधवारी.

"गाडी चालू करून दाखवावी लागंल ना," मामी हळूच म्हणाली. "बंद गाडीचा भंगाराचा भाव करतेत लोक. अन् हे ऐकायचे नाईत. रविवारी हेच किक मारतील, बघ तू."

टेन्शन खरं होतं ते हे. भावाचं नाही, गुडघ्याचं. गावातला एक मिस्त्री पोरगा होता, पण तो नेमका लग्नाला बाहेरगावी. मी म्हणाले, "मामा, मला शिकवा."

मामाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती वजन गं तुझं?"

"पन्नास."

"गाडीचं दीडशेच्या वर हाय." आणि हसला. हसला, म्हणजे तयार होता.

बायकांना सेल्फ, पुरुषांना किक

आपल्याकडे सीसी ही नुसती इंजिनाची साइझ कधीच नव्हती. ती घरातली उतरंड होती. माझी आई जालन्याला शिक्षिका. तिच्याकडे लुना. पन्नास सीसी, पायडल मारायचं आणि निघायचं. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकने ही लुना आणली आणि किती मास्तरीणबाई, नर्सबाई, एलआयसी एजंट तिच्यावर बसून कामाला लागले, मोजदाद नाही. मग १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की चालू. झालं! 'लेडीज गाडी' असा शिक्काच बसला. बाबांकडे बजाज चेतक, दीडशे सीसीच्या आतबाहेरची. ती सकाळी एका बाजूला आडवी करायची आणि मग किक. तो पुरुषांचा प्राणायाम होता. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, ती बँकवाल्या काकांकडे. त्याच वर्षीची आरएक्स १०० कॉलेजच्या हिरोकडे. येझदी कुणा हौशी माणसाकडे. आणि सगळ्यात वर बुलेट. फौजदार, दूधवाले, बागायतदार आणि आमचा मामा.

बुलेटची किक मारता येणं म्हणजे गावात मिशी फुटल्यासारखं असायचं. पोराला बापाने एकदा किक मारू दिली की तो मोठा झाला. मुलींना कुणी नाही म्हटलं नव्हतं. त्यासाठी कुणीतरी विचारायला लागतं, आणि विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

अंगठा आणि पंप

पहिल्या दिवशी मामाने मला गाडीला हात लावू दिला नाही. सायकलचा पंप आणला, त्याच्या नळीच्या तोंडावर माझा अंगठा ठेवला आणि म्हणाला, "दाब."

दाबला. सुरुवातीला सहज गेला, शेवटी शेवटी हाताला रट्ट लागला.

"हेच. आत पिस्टन वर येतो, वरची वाट बंद, हवा दबते. तू किक मारती म्हणजे हा पंप दाबती. पंप जेवढा मोठा, तेवढा जोर."

आता जरा आकडे. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, आणि पिस्टन ९० मिलिमीटर खालीवर होतो. गुणाकार केला की ३४६ सीसी. सीडी १०० चा व्यास ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. बुलेटचा पिस्टन जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाचा, आणि त्याला ढकलायचं अंतर पावणेदोन पटीपेक्षा जास्त. झाली साडेतीन पट.

पण थांबा, इथे एक गंमत आहे. सीडी १०० हवा दाबते साधारण नऊपट. मामाच्या जुन्या लोखंडी सिलिंडरच्या बुलेटचं कॉम्प्रेशन त्याहून बरंच कमी. म्हणजे छोटं इंजिन हवा जास्त कोंबतं, मोठं कमी. मी हे नेटवर वाचून मामाला मोठ्या ऐटीत सांगितलं. मामा म्हणाला, "बारकी मिरची तिखटच असती. त्यात काय!" थोडक्यात, नुसते सीसी बघून किकचा अंदाज बांधू नका. किती हवा आणि किती दाबायची, दोन्ही बघायचं.

सिलिंडर किती आहेत तेही बघायचं. १९८३ मध्ये आलेली राजदूत ३५० आठवा. (आठवत नसेल तर काकांना विचारा, डोळे पाणावतील.) तीही ३४७ सीसी. पण ते दोन सिलिंडरमध्ये वाटलेले, आणि दोघांची हवा एकाच वेळी दबत नाही. ओझं दोन हप्त्यांत उचलायचं, ईएमआयसारखं. बुलेटचं सगळं एकरकमी.

शिवाय राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्यात पिस्टन वर येताना बराच वेळ धूर जायची वाट उघडीच असते. ती बंद झाल्यावरच खरं दाबणं सुरू होतं. म्हणून अडीचशेची येझदी अडीचशेच्या फोर-स्ट्रोकपेक्षा पायाला हलकी. येझदीची आणखी एक आयडिया होती. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच! फिरवून उभा केला की किक, परत पाडला की गिअर. बघणारा नवखा असला की किक शोधत बसायचा.

मग प्रश्न पडतो, मोठ्या इंजिनाला लांब दांडा आणि हलके गिअर द्यायचे ना, पाय हलका होईल. पण दांडा किती लांब करणार? माणसाचा पाय तेवढाच राहतो. आणि गिअर हलका केला तर पूर्ण किक मारूनही इंजिन पुरेसं फिरत नाही. एका किकमध्ये गाडीने हवा-पेट्रोल ओढायचं, दाबायचं आणि पेटवायचं असतं, त्यासाठी फेरे आणि वेग दोन्ही लागतात. इंजिन वाढवता येतं, मांडी वाढवता येत नाही. सगळी रस्सीखेच या एका गोष्टीची आहे.

ट्रायल्सची शेळी

जगात एक जमात अशी आहे की तिला ही रस्सीखेच रोज करावी लागते. ट्रायल्सवाले. ट्रायल्स म्हणजे शर्यत नाही. दगडधोंडे, ओढा, उभा कडा, यातून गाडी न्यायची, वेगाला मार्क नाहीत. पाय जमिनीला टेकला की एक पॉइंट गेला, साफ फसलात की पाच. अगदी डोंगरावरच्या शेळीसारखं काम! गाडीला नावापुरती सीट, वजन सत्तर किलोंच्या आसपास, आणि इंजिन बहुतेक १२५ ते ३०० सीसी. निसरड्या दगडावर, उतारावर, दमलेल्या पायाने ती पुन्हा चालू करायची असते. तीनशेची गाडी कड्यावर जोरात चढते, पण किकला जास्त अंग मागते. म्हणून हलका, नवखा रायडर सव्वाशेपासून सुरू करतो. पुढे अंगात तंत्र मुरलं की मोठ्या इंजिनकडे जायचं.

आणि हे बुलेटला परकं नाही बरं का. १९४८ मध्ये इटलीत झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये बुलेटने सुवर्णपदकं मिळवली होती. जॉनी ब्रिटन या इंग्लिश रायडरने ३५० बुलेटवर स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल दोनदा जिंकली, १९५२ आणि १९५७ मध्ये. त्या आठवणीवर कंपनीने २०१९ मध्ये आपल्याकडे 'बुलेट ट्रायल्स' नावाचं मॉडेल काढलं आणि पुढच्याच वर्षी ते बंद झालं. मामाला मी ब्रिटनचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो मोबाइलवर दाखवले. चिखलात, दगडांत उभ्याने गाडी चालवणारा तो माणूस बघून मामा म्हणाला, "आपल्या खरपुडीच्या वाटेनं मी अशीच आणायचो, मागं पोती ठिऊन." मी खोडून काढलं नाही. मी स्वतः टाकीवर बसलेली होते ना!

काट्याची भाषा

दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर. मामा खुर्ची टाकून समोर.

"जोर लावू नको. काटा बघ."

जुन्या बुलेटच्या हँडलपाशी अँपिअरचा छोटा काटा असतो. चावी लावायची, गाडी न्यूट्रलला आणायची. बुलेटची किक गिअरबॉक्समधून जाते, त्यामुळे न्यूट्रल पाहिजेच. मग किक हळूहळू पायाने दाबत न्यायची. काटा एकदा डावीकडे पडतो, मग मध्ये येतो, आणि तिथेच पायाखाली किक घट्ट होते. पिस्टन वर आला. आता इथे जोर केलात तर तुम्ही विरुद्ध ३४६ सीसी, आणि तुम्ही हरणार. त्याऐवजी डाव्या हाताशी असलेला डिकॉम्प्रेशनचा बारका खटका ओढायचा. सिलिंडरमधली कोंडलेली हवा 'फुस्स' करून बाहेर. किक किंचित पुढे न्यायची, की पिस्टनने माथा ओलांडला. खटका सोडायचा, किक परत वर येऊ द्यायची. आणि मग एकच, पूर्ण, तळापर्यंत.

यातली खुबी अशी, की माथा ओलांडल्यावर पुढची हवा दबायच्या आधी इंजिनाला जवळपास दोन फेरे मोकळे मिळतात. तेवढ्यात आतली जड चाकं वेग घेतात. पुढचा दाब तुमचा पाय ओलांडत नाही, ती चाकं ओलांडतात.

मामी दारातून ऐकत होती. म्हणाली, "जात्यावानी हाय की हे! पहिला फेरा जड, मंग जातं आपोआप फिरतं. दाणे टाकून जातं वढायला गेलं की हात भरून येतेत." मामा चाळीस वर्षं बुलेट चालवतो, पण हे त्यालाही सुचलं नव्हतं. तो तिच्याकडे बघतच राहिला.

एक धोक्याची सूचनाही मिळाली. किक अर्धवट सोडायची नाही. ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधी पडते. किकमध्ये दम नसेल तर पिस्टन माथा ओलांडतच नाही, स्फोट त्याला उलटा ढकलतो आणि दांडा सणकून नडगीवर येतो. गाडी 'बॅक मारते' म्हणतात ते हेच. शंभर सीसी बॅक मारते तेव्हा चापट बसते, बुलेट मारते तेव्हा प्लास्टर. मामाच्या नडगीवर तो जुना व्रण आहे. मला लहानपणी सांगितलं होतं की बैलाने मारलं!

गुरुवारी चौदा किका, गाडी एकदाही पकडली नाही. कार्बोरेटर साफ केला, प्लग घासला. शुक्रवारी नवव्या किकला एक धाड आवाज झाला आणि कोंबड्या उडाल्या. शनिवारी संध्याकाळी, बाजारातून मिरचीचा ठसका अंगणापर्यंत येत होता, मी काटा मध्ये आणला, खटका ओढला, सोडला, डाव्या पायावर उभी राहिले आणि सगळं अंग खाली सोडलं. पन्नास किलो. तेवढे पुरले. धप्... धप्... धप्. मामीने आतून विचारलं, "चहा टाकू?"

मामा काही बोलला नाही. उठून काठी टेकत आला आणि टाकीवर तळहात ठेवून उभा राहिला. बराच वेळ.

रविवार

गिऱ्हाईक तिशीतलं, आयटीवालं, जिममध्ये कमावलेलं शरीर. स्वभावाने चांगला. मी आधी चालू करून दाखवली, मग बंद केली. त्याने सहा किका मारल्या, सातवीला बॅक बसली. नशीब, पायात जाड बूट होते. मामाने त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सायकलचा पंप मागवला. पुढचे दीड तास अंगणात क्लास! त्याने सगळं मोबाइलवर शूट केलं. दुपारी त्याची त्याने चालू केली. भाव मामाने मनात धरला होता तेवढाच आला, आणि मामाने एक रुपयाही वाढवून मागितला नाही.

गाडी टेम्पोत चढवली तेव्हा मी मामाकडे बघायचं टाळलं. मामी मात्र त्याच्या शेजारीच उभी होती.

माणसाच्या अंगात काही गोष्टी इतक्या मुरलेल्या असतात की त्या 'येतात' हे त्याला वेगळं माहीतच नसतं. गुडघा जातो, तेव्हा त्याला वाटतं तेही गेलं. मामाला तसंच वाटत होतं, हे मला त्या चार दिवसांत दिसलं. पण किक त्याच्या पायात नव्हतीच. होती ती त्याच्या कानात आणि त्या काट्यावर खिळलेल्या नजरेत. तिथलं अजून सगळं शाबूत आहे.

पुण्याचा तो मुलगा आता दर रविवारी सकाळी मामाला फोन करतो. फोन स्पीकरवर, गाडीपाशी ठेवलेला. "काका, काटा मध्ये येतोय, पण पकडत नाहीये." मामा पिंपळगावात अंगणात पाट्यावर बसून डोळे मिटून ऐकतो. "हां... परत मार... थांब. चोक बंद कर. पेट्रोल जास्ती झालं. आता खटका वढून दोनदा मोकळी फिरव. हां. आता मार."

आणि तिकडे, पुण्यात, धप्... धप्... सुरू होतं. मामी आधण ठेवायला उठते.